सोमाली हॉटेलात जेवायला जाताना: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात परदेशातल्या शहरात स्वस्तात पोटभर कुठे जेवावं याबद्दल लिहिताना मी छोट्या सोमाली हॉटेलांचं नुसतं नाव घेतलं होतं, एकदा जाऊन बघा एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी मिनियापोलिसला शिकतो. युनिव्हर्सिटीला लागूनच सीडर-रिव्हरसाइड आहे, तिथली सोमाली हॉटेलं स्वस्त आहेत असं सगळे सांगतात. एकदा आत गेलो आणि तसाच बाहेर आलो, कारण मेनूकार्ड नव्हतंच, भिंतीवर नुसते फोटो, आणि प्रत्येकाच्या ताटात भाताशेजारी एक अख्खं केळं. काय मागवायचं, आणि त्या केळ्याचं करायचं काय?

परत जा, आणि दुपारी जा. साडेबारा-एक ही या हॉटेलांची खरी वेळ, कारण भात आणि मटण सकाळी मोठ्या पातेल्यांत चढवलेलं असतं आणि दुपारी ते ताजं असतं, रात्री उशिरा गेलात तर उरलेलं मिळतं. मेनू नाही म्हणून बिचकू नका. जिथे मेनू असतो तिथेही त्यातलं निम्मं त्या दिवशी नसतंच, त्यामुळे काउंटरवर जाऊन सरळ विचारायचं, आज काय तयार आहे? मग ते सांगतील, बऱ्याचदा झाकण उघडून दाखवतीलही.

पहिल्यांदा बरीस आणि हिलिब अरी घ्या. बरीस म्हणजे भात, हिलिब अरी म्हणजे बकऱ्याचं मटण. कांदा तेलात परतायचा, त्यात दालचिनी-वेलची-लवंग, टोमॅटो, मग हवाश नावाचा त्यांचा मसाला, मग ज्यात मटण शिजलंय ते पाणी आणि त्यात बासमती, असा तो भात होतो. वरून तळलेला कांदा आणि बेदाणे, कुठे बटाट्याच्या फोडी, आणि मधूनमधून थोडे केशरी रंगाचे दाणे. मटण आधी मऊ शिजवून मग भाजलेलं असतं, हाडाला हात लावला की सुटून येतं. ह्या जेवणाला वास खूप पण तिखटपणा जवळजवळ नाही, हे आधीच सांगते कारण मसाल्याचा रंग बघून लोक पाण्याचा ग्लास जवळ ओढतात.

तिखट वेगळं येतं. छोट्या वाटीत किंवा प्लास्टिकच्या बाटलीत हिरवी चटणी असते तिला बसबास म्हणतात, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, लिंबू किंवा व्हिनेगर, कुठे टोमॅटो, कुठे चिंच, प्रत्येक हॉटेलची वेगळी. मला विचाराल तर हॉटेल कसं आहे ते या चटणीवरून कळतं. ताजी वाटलेली असेल तर आत कोणीतरी मनापासून स्वयंपाक करतंय. पहिल्या घासाला थेंबभरच घ्या, मग अंदाज घेऊन वाढवा.

त्याआधी एक वाटी सूप येईल, बहुतेक ठिकाणी न मागता आणि वेगळे पैसे न लावता. हे मरक. मटणाच्या हाडांचं पातळ गरम पाणी, त्यात लिंबू पिळायचं, थोडी बसबास टाकायची आणि प्यायचं. बरेच नवीन लोक ते बाजूला ठेवतात, भातावर ओतायचं असेल असं समजून थांबून राहतात आणि ते गार होतं. गरम असतानाच प्या, थंडीच्या दिवसांत तर ह्या एका वाटीसाठी तिथे जावं.

आता केळं. ते नंतरसाठी नाही, फळ म्हणून शेवटी खायचं नाही, भाताबरोबरच खायचं. सोलायचं, एक घास भात-मटणाचा, त्यातच केळ्याचा तुकडा, किंवा हाताने केळं मोडून भातात मिसळून घ्यायचं. मसाला, मटणाची चरबी, चटणीचा आंबट तिखटपणा आणि केळ्याचा गोड मऊपणा हे एकाच घासात आलं की मग कळतं की ते ताटात का असतं. न आवडलं तर ठेवून द्या, कोणी काही म्हणणार नाही, पण तीन-चार घास तरी खऱ्या पद्धतीने खाऊन मगच ठरवा एवढी माझी विनंती आहे.

आणि ही काही आत्ताची टूम नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या मोगादिशूला उतरला होता, त्याने तिथल्या जेवणाचं वर्णन लिहून ठेवलंय: मोठ्या लाकडी ताटात तुपात शिजवलेला भात, त्यावर कोंबडी, मांस, मासे, भाज्या यांचं कालवण, शिवाय दुधात शिजवलेली कच्ची केळी, आणि दह्याबरोबर मुरवलेलं लिंबू, आलं, आंबे. म्हणजे भात, कालवण, केळं, आंबट-तिखट तोंडीलावणं, हे सगळं साडेसहाशे वर्षांहून जास्त काळ त्या किनाऱ्यावर आहे. पुढे इटालियन राजवटीत शबेले आणि जुबा या नद्यांच्या काठी केळ्यांचे मोठे मळे झाले, ती केळी बोटीने इटलीला जायची आणि १९९१ ला यादवी युद्ध पेटलं तोवर केळी ही देशाची मोठी निर्यात होती. दक्षिण सोमालियाच्या माणसाच्या ताटात केळं नसेल तर त्याला जेवण अर्धवट वाटतं ते उगाच नाही.

शेवटचं, प्लेट प्रचंड मोठी असते. दोघांत एक मागवा, कोणी तोंड वाकडं करत नाही, तिथे एका मोठ्या ताटात दोन-तीन जण जेवणं ही नेहमीची गोष्ट आहे. हात धुवायला बेसिन बहुतेक जेवायच्या हॉलमध्येच असतं, उजव्या हाताने जेवा, चमचा मागितला तर तोही मिळतो.

प्रश्न: लंडनमध्ये ऑफिसातली मित्रमंडळी दर शुक्रवारी सोमाली हॉटेलात जातात. मी शाकाहारी, नवरा मटण-चिकन खातो पण बीफ नाही. आम्ही गेलो तर उपाशी येऊ का?

उपाशी येणार नाही पण विचारून घ्यावं लागेल, आणि नीट विचारावं लागेल.

आधी तुमच्या नवऱ्याचं, ते सोपं आहे. चार शब्द लक्षात ठेवायचे. हिलिब अरी म्हणजे बकरा, हिलिब लो म्हणजे गाय-बैल, हिलिब गेल म्हणजे उंट, दिगाग म्हणजे चिकन. मासे असतील तर कल्लून. गडबड होते ती जिथे नुसतं पदार्थाचं नाव असतं तिथे. सुकार म्हणजे मांसाचे बारीक तुकडे कांदा, सिमला मिरची, गाजराबरोबर परतलेले, हा फार चविष्ट प्रकार आहे पण तो बरेचदा बीफचा असतो, चिकनचाही मिळतो, तेव्हा दिगाग सुकार असं स्पष्ट म्हणा. सांबूस, म्हणजे त्यांचा तिकोनी सामोसा, त्यातही खिमा बीफचाच असण्याची शक्यता जास्त. स्पॅगेटीवरचा लाल सॉस, सुगो, त्यातही खिमा असतो. सगळं हलाल असतं, डुक्कर आणि दारू नसते, त्यामुळे तेवढी एक काळजी कमी.

तुमचं जरा अवघड आहे कारण तिथे शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा दिसत नाही इतकाच अर्थ काही जण घेतात. भात बहुतेक मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्यामुळे नुसता भात द्या म्हणून चालणार नाही. मरक पण नाही. मग काय खायचं, तर सबायद विचारा, ती पदर सुटलेली पोळी असते, तिच्याबरोबर घेवड्याचं नाहीतर कडधान्याचं कालवण असेल तर छान जेवण होतं. सकाळी गेलात तर फूल मिळेल, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांचं कालवण. आणि अंबूलो मिळाला तर तो सोडू नका, छोट्या लाल चवळीसारखं कडधान्य तासन्‌तास मऊ शिजवलेलं, कधी भाताबरोबर, वर तिळाचं तेल किंवा लोणी आणि साखर. साखर बघून दचकू नका. हा घरी रात्री खायचा पदार्थ आहे, सगळ्या हॉटेलांत नसतो, आणि जिथे असतो तिथे तो विचारणाऱ्या पाहुण्याकडे लोक आनंदाने बघतात.

तिळाची अ‍ॅलर्जी कोणाला असेल तर मात्र आधीच सांगा, तिळाचं तेल त्यांच्याकडे खूप वापरतात.

शुक्रवारचं म्हणाल तर दुपारच्या नमाजानंतर तुफान गर्दी होते. त्याच्या आधी पोचा नाहीतर अडीचनंतर जा. रमजानमध्ये दिवसा बंद असतं किंवा नुसतं पार्सल मिळतं आणि सूर्यास्ताला सगळं भरतं, तेव्हा खजूर, सांबूस, सूप असं टेबलावर आधीच मांडलेलं असतं.

प्रश्न: टोरोंटोला डिक्सन रोडवर मित्राबरोबर गेलो होतो. त्याने सोमाली जेवण म्हणून मला चक्क स्पॅगेटी खायला लावली, आणि तीही अर्ध्या भाताबरोबर एकाच प्लेटमध्ये! हे खरं सोमाली जेवण आहे की गिऱ्हाइकांसाठी केलेली भेळ?

खरं आहे, शंभर टक्के खरं. मित्राने तुम्हाला बरोबर ठिकाणी नेलं.

सोमालियाचा दक्षिण भाग, मोगादिशू धरून, इटलीची वसाहत होता आणि उत्तरेकडचा भाग, जिथे हर्गेसा आहे, तो ब्रिटिशांकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० ते १९६० दक्षिण पुन्हा इटलीच्याच देखरेखीखाली होती, संयुक्त राष्ट्रांच्या वतीने, आणि १ जुलै १९६० ला दोन्ही मिळून एक स्वतंत्र देश झाला. इटालियन गेले पण बास्तो, म्हणजे पास्ता, राहिला. आज तो इतका त्यांचा झालाय की सुगोमध्ये हवाश पडतो, वेलची-जिऱ्याचा वास येतो, सोबत केळं असतं आणि खूप लोक तो हातानेच खातात. इटलीच्या माणसाला तो ओळखू येणार नाही. घराघरात आठवड्याच्या साध्या जेवणात तो असतो, पाहुण्यांना दाखवायला केलेला नाही.

अर्धा भात अर्धा बास्तो या प्लेटला काही ठिकाणी फेडरेशन म्हणतात. दोन्हीतलं काय घेऊ हे ठरत नसेल त्याच्यासाठी ती उत्तम आहे. त्यावर मटण आणि सुगो दोन्ही येतं, आणि मधोमध जिथे भात आणि स्पॅगेटी मिसळते तो भाग सगळ्यात चविष्ट लागतो असं माझं मत.

मला अस्सल काय आणि नक्कल काय या वादाचा खरंच कंटाळा आलाय, कारण समुद्राकाठच्या लोकांच्या स्वयंपाकात बाहेरचं येणारच. बासमती तांदूळ, मिरी, दालचिनी, लवंग हे सगळंही हिंदी महासागरातल्या व्यापारातूनच त्या बंदरांत गेलं, त्याला कोणी बाहेरचं म्हणत नाही, मग स्पॅगेटीलाच का म्हणायचं? ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या उंट, शेळ्या, मेंढ्या घेऊन फिरणारी माणसं होती त्यांचं मांस आणि दूध, बंदरावरचा तांदूळ-मसाला, नदीकाठचं केळं आणि वसाहतीतला बास्तो, हे सगळं एका स्वस्त प्लेटमध्ये समोर येतं, आणि त्यात कुठलं खोटं आहे असं मला तरी दिसत नाही.

प्रश्न: मी नैरोबीत नोकरीला आहे. ईस्टलीमध्ये कामासाठी जावं लागतं, तिथे सोमाली हॉटेलं रांगेने आहेत पण बाहेर खुर्च्यांवर सगळे पुरुष चहा पीत मोठमोठ्याने बोलत बसलेले असतात. एकटी बाई म्हणून आत जावं का? कसे कपडे, कसं वागायचं?

जा. बाहेर जे बसलेत ते भांडत नाहीयेत, चहावर राजकारण चाललंय, सोमाली पुरुषांचा हा आवडता उद्योग आहे आणि तो तासन्‌तास चालतो. तुमच्याकडे कोणी फारसं लक्ष देणार नाही. आत गेल्यावर बघा, बऱ्याच हॉटेलांत फॅमिलीसाठी वेगळा भाग असतो, मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर किंवा पडदे लावलेले टेबल. तिथे बसायचं असं विचारलं की लगेच घेऊन जातात. मुख्य हॉलमध्ये बसलात तरी चालतं पण फॅमिली भागात निवांत वाटतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका दोन मिनिटांत बोलायला लागतात हा त्याचा मोठा फायदा आहे.

आणि एक लक्षात घ्या, पुढे पुरुष दिसतात पण आत स्वयंपाकघरात आणि अनेकदा गल्ल्यावरही बाई असते. १९९१ नंतर घरं मोडली, लाखो लोकांना देश सोडावा लागला, तेव्हा कितीतरी कुटुंबं बायकांनी चहाच्या टपऱ्या आणि खानावळी चालवून जगवली. ईस्टलीला लिटल मोगादिशू म्हणतात, त्या भागाचा आजचा जो बाजार आहे त्यात ह्या बायकांचा वाटा फार मोठा आहे.

कपडे अंग झाकणारे, साधे, बस. डोकं झाकायची सक्ती तुमच्यावर नाही. आत शिरताना अस्सलामु अलैकुम म्हणा किंवा नुसतं हॅलो म्हणा, निघताना महदसनिद म्हणजे थँक यू, एवढ्यावर चेहरे खुलतात. पुरुषांशी हस्तांदोलनाला स्वतःहून हात पुढे करू नका, त्यांनी केला तर गोष्ट वेगळी. फोटो जेवणाचे काढा, माणसांचे विचारल्याशिवाय नाही, बायकांचे तर अजिबात नाही.

प्रश्न: हॉटेल फार जुनाट दिसतं, टेबलांवर प्लास्टिकची कव्हरं. इतकं स्वस्त कसं परवडतं त्यांना? जेवण खराब तर नसेल? (हा प्रश्न चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय)

स्वस्त असण्याची कारणं साधी आहेत. मोजके पदार्थ, मोठी पातेली, अख्खा बकरा आणून त्याचं काही वाया न घालवणं, हाडांचं सूप, घरचेच लोक कामाला, सजावटीवर खर्च नाही, आणि गिऱ्हाईक रोजचं. टॅक्सी चालवणारे, गोदामात रात्रपाळी करणारे, एकटे राहणारे लोक तिथे रोज जेवतात, त्यांना परवडेल असाच भाव ठेवावा लागतो. आणि जो माणूस रोज येतो, ज्याला आईच्या हातचा बरीस माहीत आहे, त्याला खराब भात देऊन हॉटेल चालत नाही. खरंतर महागड्या ठिकाणापेक्षा इथे परीक्षा कडक असते. म्हणून मला राग येतो जेव्हा लोक स्वस्त म्हणजे कमी दर्जाचं असं धरूनच चालतात.

काळजी घ्यायची ती कुठल्याही हॉटेलात घ्याल तेवढीच. भात आणि मटण वाफाळतं यायला हवं. कोमट भात आला तर तो परत करा आणि ताजा वाफाळता मागा, संकोच करू नका, कारण शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि ते जे विष सोडतात ते नुसतं गरम करून जात नाही. म्हणूनच गर्दीच्या वेळी जा म्हणते, तेव्हा पातेलं सारखं रिकामं होत असतं. उरलेलं पार्सल घरी नेलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

टेबलाच्या प्लास्टिक कव्हरचं मात्र मनावर घेऊ नका, ते पुसायला सोपं पडतं म्हणून असतं.

प्रश्न: वडिलांना डायबेटिस आहे, त्यांना तिथला चहा फार आवडला. चालेल का?

शाह, म्हणजे त्यांचा चहा, वेलची-दालचिनी-लवंग-आलं घालून करतात आणि साखर उकळतानाच पडते, तीही भरपूर. थर्मासमध्ये करून ठेवलेला असेल तर कमी साखरेचा मागून मिळणार नाही, आधी सांगितलं तर काही ठिकाणी वेगळा करून देतात, नाहीतर बिनदुधाचा काळा चहा बिनसाखरेचा मागा. हलवो तर त्यांनी टाळावाच, साखर, तूप, कॉर्नफ्लोअर आणि वेलची-जायफळ, दुसरं काही नसतं त्यात. बाकी केळं आणि भात एकाच ताटात येतात हेही ध्यानात ठेवा, औषध चालू असेल तर किती खायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न: मालक फार गप्पिष्ट आहेत, मला त्यांच्याशी बोलायचं असतं पण सोमालिया म्हटलं की मला समुद्री चाचे आणि युद्ध याशिवाय काही माहीत नाही. काय बोलू?

तुम्ही हे प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं केलंत, अनेकांचं असंच असतं. चाच्यांचा विषय काढूच नका. त्यांनी तो हजारदा ऐकलाय. युद्धाबद्दलही तुम्ही विचारू नका, कोणाचं कोण गेलं हे आपल्याला माहीत नसतं, त्यांना सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगतील आणि तेव्हा ऐकून घ्या. कोणत्या कुळाचे, हेही विचारायचं नाही, त्यावरून त्यांच्यात फार जखमा झाल्यात.

जेवणाबद्दल विचारा. बसबासमध्ये काय घालता, हवाश घरी करता की आणता, आंबोळीसारख्या त्या जाळीदार पोळीला तुमच्याकडे लहोह म्हणतात की अंजेरो? उत्तरेचा माणूस लहोह म्हणेल, दक्षिणेचा अंजेरो, आणि तिथून तो हर्गेसाचा की किस्मायोचा की मोगादिशूचा हे आपोआप बोलण्यात येतं. उंटांबद्दल विचारा, जगात सगळ्यात जास्त उंट असणाऱ्या देशांत सोमालिया आहे आणि उंटाच्या दुधाबद्दल बोलताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो. कवितेबद्दल विचारा. सोमाली लिपी अधिकृतपणे १९७२ मध्ये ठरली, रोमन अक्षरांत, त्याआधी शतकानुशतकं बहुतेक सगळं तोंडपाठ चालत आलं, त्यामुळे कविता पाठ असणं ही तिथे मोठी गोष्ट आहे आणि काउंटरवरचा माणूस तुम्हाला चार ओळी म्हणून दाखवेल अशी खूप शक्यता आहे. (लिपीवरून आठवलं, मेनूवर एक्स अक्षर दिसलं तर त्याचा उच्चार ह करायचा, खोल घशातून. सी शब्दाच्या सुरुवातीला आला तर तो स किंवा क नाही, घशातला अ आहे. एवढ्याने अर्धा मेनू वाचता येतो.)

आणि नेहमी जायला लागलात की कधीतरी तुमचं बिल दुसऱ्याच कोणीतरी आधीच दिलेलं निघेल. वाद घालू नका, आभार माना, पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या आधी काउंटरवर पोचा.

प्रश्न: हवाश घरी करता येतो का? प्रमाण सांगा.

येतो, सगळं सामान ओळखीचंच आहे. धने आणि जिरे समप्रमाणात, समजा अर्धी-अर्धी वाटी, मिरी दोन मोठे चमचे, वेलची एक मोठा चमचा, लवंग एक छोटा चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा. मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, करपवू नका, गार झालं की बारीक दळा आणि मग हळद दोन मोठे चमचे मिसळा. लाल मिरची नाही घालायची. तिखटाचं काम बसबासचं, हवाशचं नाही, आणि मिरची घातलीत की तो वास दबून जातो. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं असतं, हे माझं, तुम्ही वेलची कमी-जास्त करून बघा. चार माणसांच्या भाताला एक मोठा चमचा पुरतो.

प्रश्न: सकाळी नाश्त्याला काय मिळतं तिथे? दुपारी जमत नाही, शिफ्ट असते.

सकाळी तर आवर्जून जा, मला स्वतःला दुपारपेक्षा सकाळच जास्त आवडते. अंजेरो मिळेल, रात्रभर आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीसारखा जाळीदार, पण वाटीने मध्यापासून गोल गोल पसरवलेला त्यामुळे त्यावर चक्राची नक्षी उमटलेली असते. एकाच बाजूने भाजतात. त्याच्याबरोबर दोन रस्ते आहेत. एक गोड, म्हणजे वरून तूप किंवा तिळाचं तेल, साखर, आणि बरेच लोक वरून थोडा चहाच ओततात, अंजेरो तो शोषून घेतो आणि मग बोटांनी कालवून खायचा. दुसरा खारा, म्हणजे सोबत सुकार, किंवा काळीज कांद्याबरोबर परतलेलं. भूक जास्त असेल तर खारा घ्या, रात्रपाळी करून आलेले लोक तोच घेतात. मलवह असेल तर तो मऊ, पातळ, गोडसर असतो, अंडं असतं त्यात, मधाबरोबर खातात, मुलांना फार आवडतो. काही ठिकाणी सबायदचे तुकडे करून मटणाच्या रश्श्यात कालवून देतात, केके म्हणून मागायचं, ते खाल्लं की दुपारपर्यंत दुसरं काही लागत नाही.

फक्त दहाच्या आत पोचा. पीठ आदल्या रात्री जेवढं भिजवलं तेवढंच असतं, ते संपलं की अंजेरो संपला, मग कितीही विनंती केली तरी दुसऱ्या दिवशीच.